भाचीच्या सायकलचं मागचंच चाक सारखं का बसायचं: एका सायकलची पूर्ण केस

परभणी जिल्ह्यातलं गाव, नववीतली मुलगी म्हणजे माझी भाची, शाळा चार किलोमीटरवर, त्यातला सुरुवातीचा दीडेक किलोमीटर शेतातून जाणारी पांदण आणि पुढं डांबरी. सायकल मानव विकास कार्यक्रमातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, राज्यातल्या २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत हा कार्यक्रम चालतो आणि त्यात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. सायकल तशी चांगली आहे, लेडीज, मागं कॅरिअर, फुल चेनकव्हर, टायरवर २६ × १ ३/८ लिहिलेलं. तक्रार एकच, मागचं चाक सारखं पंक्चर. दिवाळीनंतर महिन्यात एकदा दोनदा, आणि फेब्रुवारीपासून तर जवळपास दर आठवड्याला. पहिला तास बुडायचा, कधी अर्ध्या रस्त्यातून सायकल ढकलत परत, आणि मार्चमध्ये तर दाजीच म्हणाले की राहू दे सायकल, मीच मोटरसायकलवर सोडतो, म्हणजे शेतातलं काम टाकून रोज दोन खेपा.

गावातल्या सगळ्यांचं निदान ठरलेलं होतं: "रस्ताच काट्याचा आहे, सायकल काय करंल." ऐकायला बरोबर वाटतं. पांदणीला दोन्ही बाजूंनी बाभळी, बांधावर वेडी बाभूळ, वर लोक कुंपणाला बाभळीच्या फांद्या ओढत नेतात त्याचे काटे वाटेभर पडलेले, आणि पावसाळ्यानंतर सराटा, म्हणजे काटेरी फळांचं तण, वाळला की त्याचं बघायलाच नको. पण मग माझा एकच प्रश्न होता, पुढचं चाक पण त्याच रस्त्यावरून जातं ना? ते वर्षभरात एकदाच बसलं होतं. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, दप्तर पण तिकडंच, त्यामुळं मागं पंक्चर जास्त होतात हे खरंय, पण एवढा फरक नुसत्या काट्यांनी पडत नाही.

पाडव्याला गेलो तेव्हा चाक खोलून बघितलं. ही गोष्ट वाचायला किरकोळ वाटेल पण सगळी गोम इथंच आहे, कारण इतक्या वेळा पंक्चर काढूनही ते चाक सायकलपासून एकदाही वेगळं झालेलं नव्हतं. फाट्यावरचा पंक्चरवाला काय करतो, सायकल आडवी टाकतो, टायरची एक बाजू पान्यानं रिमबाहेर काढतो, ट्यूब ओढून बाहेर घेतो, हवा मारून पाण्याच्या घमेल्यात फिरवतो, बुडबुडे आले तिथं घासून सोल्युशन लावून तुकडा चिकटवतो आणि ट्यूब आत ढकलून हवा मारून देतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम, वीस-तीस रुपये. त्याच्या हाताला नावं ठेवायला जागा नाही, त्याचं एकही ठिगळ सुटलेलं नव्हतं. पण तेवढ्या पैशात तो चेनकव्हर खोलून चाक काढून टायर आतून तपासत बसणार नाही, आणि का बसावं त्यानं. भोक बुजवणं हे त्याचं काम, भोक का पडलं हे शोधणं आपलं.

शोधायची पद्धत अगदी सोपी आहे. ट्यूब काढायच्या आधी टायरवर व्हॉल्व्हच्या शेजारी खडूनं खूण करायची, आणि ट्यूबची कुठली बाजू चेनकडची होती ते पण लिहून ठेवायचं. मग ट्यूब बाहेर काढून हवा भरून टायरच्या शेजारी तशीच ठेवायची, व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जुळवून. आता ट्यूबवरचं प्रत्येक ठिगळ टायरच्या कुठल्या जागेसमोर येतं ते सरळ दिसतं. भोक बाहेरच्या बाजूला म्हणजे रस्त्याकडं असेल तर बाहेरून काहीतरी घुसलंय. आतल्या बाजूला म्हणजे रिमकडं असेल तर गुन्हेगार रिममध्येच आहे, रस्त्याचा काही संबंध नाही. आणि शेजारी शेजारी दोन चिरा असतील, रिमच्या दोन काठांच्या अंतरावर, तर हवा कमी होती आणि ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली.

भाचीच्या ट्यूबवर तिन्ही प्रकार निघाले. म्हणजे एक आजार नव्हता, तीन होते, आणि सगळ्यांना एकच नाव दिलं होतं, काटा.

आधी काट्याचंच बघू. तीन ठिगळं एका वितीच्या आत होती, जवळजवळ एकमेकांवर चढलेली, सगळी रस्त्याकडच्या बाजूला. तीन वेगवेगळे काटे नेमके त्याच वितीत येऊन घुसतील हे कसं शक्य आहे? टायर आतून बोटानं चाचपला, काही लागलं नाही. मग घरातला कापूस घेतला (परभणीत कापसाला काय तोटा), त्याचा बोळा करून टायरच्या आतून गोल फिरवला, आणि बरोबर त्या जागी दोन तंतू अडकून राहिले. बोटाला जे लागत नाही ते कापसाला लागतं. टायर तिथं उलटा वाकवून धरला तेव्हा काळ्या रबरात एक तपकिरी ठिपका दिसला, मोहरीपेक्षा बारीक. बाभळीच्या काट्याचं टोक, बाहेरून मोडून गेलेलं, आत रबरात रुतून बसलेलं. टायर मोकळा असताना ते रबरातच राहायचं, पण भाची सायकलवर बसली आणि टायर तिथं दबला की टोक आत यायचं आणि ट्यूबला टोचायचं. बाहेरून दाभणानं ढकललं, आतून पकडीनं ओढलं, अर्धा सेंटिमीटरचा तुकडा निघाला. भाचीनं तो कागदात गुंडाळून ठेवला, शाळेत दाखवायला. बोट फिरवून बघायची सवय असेल तर जपून हां, टायरमध्ये काच किंवा तार असली तर बोट कापतं, कापूस किंवा जुना फडका बरा.

दुसरं भोक रिमकडच्या बाजूला. रिमवर आऱ्यांच्या टोकांवरून जी रबरी पट्टी असते ती एका ठिकाणी सरकून गुंडाळी झाली होती आणि एका आऱ्याचं टोक निप्पलच्या (आरा रिमला धरून ठेवणाऱ्या नटच्या) वर आलेलं होतं, नखाएवढं पण नाही, पण हवेचं प्रेशर ट्यूबला त्याच्यावर दिवसरात्र दाबत असतं. हे टोक कानशीनं घासून सपाट केलं आणि पट्टी नवीन टाकली. नवीन मिळाली नाही तर जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून, व्हॉल्व्हसाठी भोक पाडून चालते, फक्त तिला घडी पडता कामा नये.

आता तिसरं, आणि माझ्या मते हेच खरं मूळ आहे. सर्वांत ताजं पंक्चर दोन चिरांचं होतं, आणि आधीच्या ठिगळांमध्येही अशी एक जोडी होती. चाकात हवा किती ठेवता विचारलं तर दाजी म्हणाले, "उन्हाळ्यात कमीच ठेवावं लागतंय, उन्हात हवा वाढून ट्यूब फुटती." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि गावात ह्यावर कुणाचं दुमत नाही, पंक्चरवाल्याचं पण नाही. म्हणून ऊन वाढायला लागलं की सगळे हवा कमी मारतात, आणि फेब्रुवारीपासून पंक्चर वाढली ती पण तेव्हाच. आता ही पांदण जिथं डांबरीला मिळते तिथं डांबराचा काठ चांगला चार बोटं उंच आहे, भाची तिथं उतरत नाही, तशीच चढवते, आणि कधी मागं चुलत बहीण डबलसीट. हवा कमी असली की टायर त्या काठावर पूर्ण दबतो, ट्यूब रिमच्या दोन्ही काठांवर चिमटते आणि दोन भोकं.

दाजींना कागदावर हिशोब करून दाखवला, कारण ते ऐकणाऱ्यातले नाहीत पण आकड्याला मान देतात. समजा सकाळी २६ अंशाला ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली. दुपारी सायकल उन्हात उभी आहे आणि टायरच्या आतली हवा तापून ५५ अंशाला गेली, म्हणजे परभणीतला मे महिना धरला. तरी प्रेशर जातं ५६ च्या आसपास. बस एवढंच, सहा पीएसआयची वाढ, धड टायर आणि ट्यूब तेवढं सहज सोसतात. मग उन्हात ट्यूब फुटतात त्या कशानं? फुटतात हे खोटं नाही. पण ट्यूब बसवताना टायरच्या काठाखाली चिमटलेली असते, किंवा टायरच्या कुशी, म्हणजे बाजूच्या भिंती, चिरलेल्या असतात आणि तिथून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते, नाहीतर फाट्यावर ट्रकच्या कंप्रेसरनं सायकलमध्ये हवा मारलेली असते, ज्यात दोन सेकंदात किती हवा गेली ते मारणाऱ्यालाही कळत नाही. आधीच काठावर आलेलं असतं, ऊन फक्त शेवटचा धक्का देतं आणि नाव उन्हाचं होतं.

अशा टायरला साधारण ४५ ते ६० पीएसआय हवा लागते, नेमका आकडा टायरच्या कुशीवर छापलेला असतो, धूळ पुसा आणि वाचा. आपल्याकडच्या साध्या सायकलला व्हॉल्व्ह डनलॉप पद्धतीचा असतो, आत खिळ्यासारखी दांडी आणि तिच्यावर रबरी नळी, आणि त्याच्यावर मोटरसायकलचा हवा मोजायचा गेज लावून काही उपयोग नाही, आकडाच येत नाही. त्यामुळं अंगठा. वरून टायर दाबण्यापेक्षा कुशी दोन्हीकडून चिमटीत दाबून बघायची, जेमतेम दबली पाहिजे. आणि कुणीतरी बसल्यावर मागून टायर बघायचा, जमिनीला टेकतो तिथं थोडासा फुगावा, पसरू नये. भाचीला हे एकदा दाखवलं, तिला लगेच जमलं.

त्या रबरी नळीचं पण सांगतो, वालट्यूब म्हणतात तिला. दोन-तीन वेळा असं झालं होतं की सकाळी चाक बसलेलं, फाट्यावर नेलं, घमेल्यात भोक सापडलं नाही, हवा मारून परत. घरच्यांनी ते पण पंक्चरमध्येच मोजलं होतं. वालट्यूब काढून बघितली तर चिकट होऊन टोकाला चिरलेली. भरल्या चाकाचं टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावायची, बुडबुडा आला की वालट्यूब बदलायची, दोन-चार रुपयांची वस्तू आहे आणि सहा महिन्यांनी तशीही बदलावी, उन्हात रबर लवकर जातं. दोन वालट्यूब दप्तराच्या खिशात टाकून ठेवल्यात.

व्हॉल्व्ह तिरका पण झालेला होता. हवा कमी असताना ब्रेक दाबला की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, ट्यूबला सोबत नेतो, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला, मग त्याच्या बुडाशी ट्यूब फाटायला लागते आणि ते ठिगळानं बुजत नाही, ट्यूबच टाकावी लागते. व्हॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडून टायर हातानं सरकवून सरळ करून घ्यायचा.

ट्यूब नवीनच टाकली आणि तिथं एक वेगळीच गंमत. तालुक्याच्या दुकानात २६ ची ट्यूब मागितली तर त्यानं २६ × १.९५ ची दिली, म्हणाला सगळ्याला एकच बसते. बसत नाही. ती जाड टायरची रुंद ट्यूब, ह्या बारीक टायरमध्ये कोंबली की घडी पडते आणि घडीवर ट्यूब घासून जाते. टायरच्या बाबतीत तर आणखी वाईट, २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ दोन्हीवर २६ लिहिलेलं पण रिमचं माप वेगळं, पहिल्याचं ५९० मिलिमीटर आणि दुसऱ्याचं ५५९. टायरवर कुठंतरी ३७-५९० असा आकडा असतो, दुकानात तो सांगायचा, किंवा सरळ जुना टायर हातात घेऊनच जायचं. टायर अजून एखादं वर्ष चालेल असा होता. पण दाजी सायकल चमकावी म्हणून टायरला डिझेलचा फडका मारायचे, ते मात्र ताबडतोब बंद करायला लावलं, डिझेल-रॉकेलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

बसवताना दोनतीन गोष्टी. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरायची, गोल होईल एवढीच, म्हणजे घडी पडत नाही. टायरच्या आतून थोडी पावडर मारायची. टायर चढवायला स्क्रूड्रायव्हर अजिबात नाही, शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी येऊ द्यायचा आणि अंगठ्यांनी ढकलायचा. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढायचा, त्यानं काठाखाली अडकलेली ट्यूब सुटते. अर्धी हवा भरून चाक फिरवायचं आणि टायरच्या काठाजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारखी दिसते का बघायचं, कुठं बुडाली किंवा वर आली असेल तर हवा सोडून परत. ब्रेकचा रबरी गुटका टायरला घासत नाही ना ते पण तेव्हाच बघून घेतलं, डावीकडचा जरा वर होता, खाली घेतला.

घरात पंप घ्यायला लावला, उभा हातपंप. दाजींचं म्हणणं पडलं की फाट्यावर हवा मिळती की फुकट नाहीतर पाच रुपयात, पंप कशाला. पण फाटा पांदणीच्या पलीकडं आहे. कमी हवेवर दीड किलोमीटर दगडातून जाऊन मग हवा भरणं हाच तर सगळा घोळ होता. घरात पंप नसेल तर बाकी सगळी देखभाल अर्धीच राहते असं माझं स्पष्ट मत आहे. आता दर रविवारी अंगठ्यानं बघून हवा, आणि रोज पांदण संपली की डांबरीवर चढायच्या आधी उतरून चाक फिरवत चपलेचा तळवा टायरला हलका टेकवायचा. सराटा रुतला असेल तर कट्‌ कट्‌ वाजतो आणि बहुतेक वेळा तिथंच निघून पडतो. काटा पहिल्या फेरीत टायर पार करतोच असं नाही, चाक फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत तो थोडा थोडा आत जातो, त्यामुळं वेळेत निघाला तर ट्यूब वाचते. मात्र खोल रुतलेला दिसला आणि हवा अजून टिकून असली तर उपटायचा नाही, तोच बूच झालेला असतो, तसंच शाळेपर्यंत जायचं.

पुण्यातल्या आमच्या चुलतभावानं फोनवर ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं जेल टाकायचा सल्ला दिला. बारीक भोकं बुजतात त्यानं, खोटं नाही, पण आपल्या उन्हात ते काही महिन्यांत वाळतं, परत टाका, आणि त्यानं बरबटलेल्या ट्यूबला नंतर ठिगळ नीट धरत नाही. भरीव टायरचं तर नावच नको, जड चालते सायकल आणि सगळे धक्के आऱ्यांना आणि बसणाऱ्याला. टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा अस्तर म्हणून घालतात काही लोक, चालतं, पण त्याचे काठ तासून पातळ केले नाहीत तर तेच काठ ट्यूब कापतात.

सराट्यावर मुळातून उपाय म्हणजे पावसाळ्यात पिवळी फुलं असताना, फळ वाळायच्या आधी, मुळासकट उपटणं. त्याचं फळ वाळलं की फुटून पाचेक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. हीच वनस्पती अमेरिकेत पोचलीय आणि तिकडचे सायकलवाले पण हैराण आहेत, आयडाहो राज्यात बॉयसी शहरात २०१८ ला तिच्या नावानं चक्क जत्रा सुरू झाली, गोटहेड फेस्ट, आणि जत्रेच्या आधी लोक पोत्यांनी सराटा उपटून आणायचे. दाजी म्हणाले, "त्यांना म्हणावं इकडं या, बांध रिकामा करून द्या, जेवायचं आमच्याकडं."

निकाल काय, तर एप्रिलची परीक्षा होईपर्यंत मागचं चाक बसलं नाही. मे महिन्यात सायकल ओसरीत सावलीला ठेवली, हवा भरूनच, कारण बसलेल्या टायरवर महिनाभर सायकल उभी राहिली की कुशी मोडतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पुढच्या चाकात एक पंक्चर झालं, सराट्याचंच, आणि ते भाचीनं घरी काढलं, खडूची खूण करून, कापूस फिरवून. पहिल्यांदा ठिगळ सुटलं कारण सोल्युशन ओलं असतानाच चिकटवलं होतं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं लागतं, दुसऱ्यांदा धरलं. डबलसीट चालूच आहे, ते काही मी बंद करू शकलो नाही, पण डांबराच्या काठावर दोघी उतरतात म्हणे.

सध्या भांडण वेगळंच चालू आहे. पाऊस पडला की पांदणीतली काळी माती मडगार्डमध्ये एवढी भरते की चाकच फिरत नाही, म्हणून दाजींनी मागचं मडगार्ड काढून ठेवलंय, आणि ताईचं म्हणणं की मग रोज ड्रेसची पाठ चिखलानं भरते ती कोण धुणार.